मन्मथअप्पांच्या डोक्यातला करंट

मन्मथअप्पा हिंगणवाडीच्या सहकारी दूध संस्थेत दुधाची डिग्री लावायचे आणि जी लागेल ती मोठ्यानं सांगायचे. एवढंच त्यांचं काम, आणि बघायला गेलं तर एवढाच त्यांचा गुन्हा.

संस्थेची रीत जुनी होती. सकाळी सहाला रांग लागायची. ज्याचं त्याचं दूध नळकांड्यात ओतायचं, त्यात लॅक्टोमीटर सोडायचा, तो डुचमळायचा थांबला की आकडा पुकारायचा. सगळ्यांच्या कानावर पडलं म्हणजे मागून कुरकुर नको, असा त्यातला विचार. आता नियमात फक्त आकडा पुकारा म्हटलं होतं. अप्पा त्या आकड्याला स्वतःची दोन-चार वाक्यं फुकट जोडायचे. चंद्रभागाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिची एकच गाय. तिची डिग्री लागली की अप्पा म्हणायचे, "सत्तावीस. म्हातारे, गाय उपाशी हाय तुझी." मग संध्याकाळी स्वतःच पेंढी-दोन पेंढ्या कडबा तिच्या दारात टाकून यायचे. इथवर कुणाची तक्रार नव्हती.

पण यंदा दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. विहिरी तळाला लागल्या, गावाला टँकर सुरू झाला, आणि ऐन शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष कल्याणराव यांच्या दुधात लॅक्टोमीटर जो बुडाला तो बावीसवर जाऊन थांबला. म्हशीचं दूध, तिसाच्या घरात असायचं ते, आणि बावीस. अप्पांनी पुकारलं, "बावीस. गावाला पंधरा दिवसांतून टँकर येतो, अन् अध्यक्षांच्या म्हशीला रोज येतो." रांगेतली पन्नास माणसं हसली. कल्याणराव हसले नाहीत. अप्पांना दरदरून घाम फुटला.

त्यांचं सगळं दुखणं हेच होतं, की घाम नंतर फुटायचा. जीभ आधी सुटायची. माणूस म्हणावा तर अतिशय भित्रा. विजेला भ्यायचे, विंचवाला भ्यायचे, अध्यक्षांना भ्यायचे, बायकोला तर भ्यायचेच. घरातलं बल्बचं बटणसुद्धा पायात रबरी चप्पल असल्याशिवाय दाबत नसत. पण ही भीती डोक्यातून निघून तोंडापर्यंत पोचेस्तोवर शब्द बाहेर पडून गावात फिरून आलेला असायचा.

याच जिभेनं त्यांच्या पोरीची, शिवगंगेची, दोन स्थळं मोडली होती. पहिल्या मुलाकडं बघून अप्पा कौतुकानं म्हणाले होते, "जावईबापूंचे केस लई चांगले बसवलेत, कुठं करून मिळतात?" दुसऱ्या मुलाच्या आईनं लाडवाची तारीफ केली आणि सुनेच्या हाताला चव आहे म्हणाली, तर अप्पा म्हणाले की ते केजच्या हॉटेलातले आहेत, आमच्या शिवीला पाक जमत नाही. शिवगंगा बी.एस्सी. झालेली, सव्वीस वर्षांची, रोज जीपनं अंबाजोगाईला जाऊन शिकवणी वर्गात गणित शिकवायची. लाडवाच्या दिवशी ती आत जाऊन रडली. रडून झाल्यावर बाहेर आली आणि बापासमोर बसून शांतपणे म्हणाली, "अप्पा, अजून एकदाच ताट घेऊन बाहेर येईन. त्या दिवशी तेवढं गप्प बसा."

हे अप्पांना जिव्हारी लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं ते कितीतरी दिवस स्वतःशी म्हणत होते.

आणि तिसरं स्थळ आणलं कुणी, तर कल्याणरावांनी. त्यांच्या मेहुण्याचा मुलगा, शिरूर कासारकडचा. उत्तरेश्वर नाव, सहकारी साखर कारखान्यात परमनंट, घरदार चांगलं, आपल्यातलेच लोक. कल्याणराव अप्पांच्या ओट्यावर येऊन बसले, पाणी नको म्हणाले, आणि हळू आवाजात म्हणाले की एकदा सोयरे झालो म्हणजे तुमची अब्रू ती माझी अब्रू, माझं दूध ते तुमचं दूध. बघायचा कार्यक्रम महिन्याभरानं ठरवू. त्या दिवशी तुम्ही तोंड उघडायचं नाही, आणि तशी सवय आतापासूनच लावून घ्यायला हरकत नाही. अप्पांनी मान डोलावली. दानम्मांनी, म्हणजे अप्पांच्या मंडळींनी, कपिलधारला नारळ बोलला.

नवस एकीकडं झाला. दुसरीकडं शिवगंगेला अंबाजोगाईत झेरॉक्सच्या दुकानात एक कागद चिकटवलेला दिसला. 'विचार करण्याआधी बोलून जाता? हात आवरत नाही? मेंदूच्या सौम्य विद्युत उत्तेजनावरील संशोधनासाठी स्वयंसेवक हवेत. वय अठरा ते साठ.' तिनं गंमत म्हणून घरी वाचून दाखवला. अप्पा एकोणसाठ वर्षांचे होते. दानम्मा म्हणाल्या, "बघा, तुमच्यासाठीच थांबलेत."

विद्युत म्हणजे वीज, आणि उत्तेजन म्हणजे डोक्याला वीज लावणार, एवढं अप्पांना चटकन कळलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी शेजारच्या आश्रुबाला बोलावलं. आश्रुबा वीज मंडळात हेल्पर म्हणून तीस वर्षं खांबावर चढउतार करून घरी बसला होता, त्यामुळं करंटाच्या बाबतीत त्याचा शब्द गावात शेवटचा. त्यानं कागद दोनदा वाचला, डोळे मिटले आणि सांगितलं की डोकं म्हणजे फ्यूजच असतं, कमी लोड दिला तर चालतं, जास्त दिला तर उडतं, आणि माणसाचा फ्यूज बाजारात मिळत नाही. शिवाय मधेच लोडशेडिंग झालं तर निम्मा करंट आत राहून जाईल, त्याचं काय? मग त्याची नजर अप्पांच्या गळ्यातल्या इष्टलिंगावर गेली. चांदीची डबी. चांदीतून करंट सगळ्यात सुसाट धावतो, तो म्हणाला, डोक्यातून निघाला की थेट छातीवर येणार.

अप्पांचा हात आपोआप गळ्याकडं गेला. अंगावरचं लिंग काढून ठेवायची गोष्ट त्यांच्या घराण्यात कुणी कधी केली नव्हती, आणि काढलं नाही तर छातीत करंट. ते मठात जाऊन स्वामींना विचारून आले. स्वामींनी शांतपणे सांगितलं की लिंग काढायचं नाही, बाकीचं डॉक्टरांना विचारा. मग आश्रुबानंच तोडगा काढला. सायकलची जुनी ट्यूब कापून डबीला तिच्यात गुंडाळलं, वर दोरा बांधला. अप्पांनी ते गळ्यात घातलं आणि तीन दिवस त्यांच्या अंगाला पंक्चरच्या दुकानाचा वास येत होता.

अंबाजोगाईत भाजी बाजारामागं एका जुन्या इमारतीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन एक तरुण डॉक्टरीणबाई हे संशोधन करत होत्या. एकंदर बाई साध्या, पण कागदपत्रं फार. चौदा पानांचं संमतिपत्र, त्यावर पानोपानी सही, नातेवाईकाची सही, दोन फोटो, आधारची प्रत. नातेवाईक म्हणून आश्रुबा चालत नव्हता, म्हणून एक खेप वाया गेली. दुसऱ्या खेपेला दानम्मा आल्या तर फोटो एकच निघाला. अप्पांना प्रत्येक खेपेला वाटायचं, बरं झालं, आज वाचलो. तिसऱ्या खेपेला काहीच कमी पडलं नाही आणि ते मुकाट खुर्चीत बसले.

डॉक्टरीणबाई प्रश्न वाचत होत्या. डोक्यात धातू आहे का? अप्पा म्हणाले, डोक्यात नाही, गळ्यात आहे, पण ट्यूबमध्ये आहे. बाईंनी ती ट्यूब बघितली, हसू आवरलं आणि सांगितलं की गळ्यातल्याला काही होत नाही, राहू द्या. फीट येते का? नाही. विचार न करता बोलता का? यावर अप्पांनी थोडा विचार करायचं ठरवलं, आणि तेवढ्यात म्हणून गेले की बाई, तुमचा हा पंखा वाकडा बसवलाय, एखाद्या दिवशी तुमच्या डोक्यावर पडंल. बाईंनी वर बघितलं. मग खाली बघून एक खूण केली आणि म्हणाल्या, "काका, तुमची निवड झाली."

करंट अगदी थोडा असतो, त्यांनी समजावलं. साध्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मशीन चालतं, लोडशेडिंगचा संबंध नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज कपाळाला बांधायचे, वीस मिनिटं. मेंदूचा जो भाग माणसाला 'थांब' म्हणतो, त्याला जरा जोर मिळतो का, एवढंच बघायचंय. आणि एक गोष्ट कागदावर आहे ती नीट ऐका: निम्म्या लोकांना खरा करंट मिळेल आणि निम्म्यांना खोटा. कुणाला कुठला ते मलाही शेवटपर्यंत ठाऊक नसेल, पाकिटात बंद असेल. अप्पांनी मान डोलावली. पण त्यांच्या डोक्यात 'खरा करंट' हे दोनच शब्द गेले आणि तिथंच दार लावून बसले.

आणि येताना घरून बाटलीभर पाणी आणा, बाई ओशाळून म्हणाल्या. इमारतीला आठवड्यातून एकदा पाणी येतं.

तर सोमवारी अप्पा बाटलीभर पाणी, दानम्मा आणि आश्रुबा यांना घेऊन गेले. आश्रुबाच्या हातात लिंबाचं वाळलेलं दांडकं होतं. कुणी तारेला चिकटलं तर हात लावायचा नसतो, वाळक्या लाकडानं हाणून बाजूला करायचं असतं, हे त्याच्या नोकरीतलं पहिलं शिक्षण. तो दाराशी उभा राहिला. बाईंनी हिंगणवाडीच्या बोअरचं पाणी मापात ओतलं, कसलं तरी यंत्र बुडवून बघितलं, आणि मिठाची पुडी परत कपाटात ठेवून दिली. गरज नाही, म्हणाल्या. तुम्ही हे पिता? अप्पा म्हणाले, टँकर येईपर्यंत पितो.

स्पंज बांधले. कपाळावरून खारं पाणी डोळ्यात उतरलं. अप्पांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि मनातल्या मनात पंचाक्षरी सुरू केली. बाईंनी मशीनचं बटण दाबलं आणि कपाळाला मुंग्या आल्या. खरोखरच्या मुंग्या. अप्पांना वाटलं, संपलं, आता आपण आपण राहत नाही.

समोर कॉम्प्युटरवर बाण यायचे. डावीकडचा आला की डावं बटण, उजवीकडचा आला की उजवं. पण मधेच टूं असा आवाज झाला तर हात रोखायचा, बटण दाबायचं नाही. झालं असं, की पहिलाच टूं वाजला आणि दाराशी उभ्या असलेल्या आश्रुबानं तो ऐकला. त्याच्या तीस वर्षांच्या नोकरीत असा आवाज फक्त वाईट घडण्याआधी यायचा. तो दोन ढांगांत आत आला आणि त्यानं अप्पांच्या खांद्यावर दांडकं हाणलं. अप्पा खुर्चीसकट आडवे झाले. दानम्मांनी किंकाळी फोडली. खाली पडल्या पडल्या अप्पा म्हणाले, "बटण न्हाई दाबलं मी." बाईंनी तेवढं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून आश्रुबाला जिन्याखाली बसवलं. पाच दिवस पाच खेपा झाल्या. खांदा सुजला होता, कपाळाला मिठाचा पांढरा पट्टा उठला होता, पण बाण चुकायचे कमी झाले होते, आणि शुक्रवारी परत येताना जीपवाल्यानं आठाच्या जागी बारा माणसं कोंबली तरी अप्पा एक शब्द बोलले नाहीत. दानम्मांनी त्यांच्याकडं तीनदा वळून बघितलं.

मग गावात ते चमत्कारिक दिवस सुरू झाले. सकाळी रांगेत अप्पा लॅक्टोमीटर सोडायचे, आकडा बघायचे आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. कल्याणरावांचा कॅन आला. तेवीस. अप्पांच्या गळ्यापर्यंत वाक्य आलं. त्यांनी डोळे मिटले, कपाळावर त्या मुंग्या आठवल्या, मनात टूं वाजला आणि वाक्य खाली उतरलं. असलं त्यांच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. कल्याणरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो नेमका सुजल्या खांद्यावर, आणि अप्पा तेही बोलले नाहीत.

घरी पिठल्यात मीठ दोनदा पडलं. अप्पांनी मुकाट खाल्लं. दानम्मा घाबरल्या. त्यांनी ताट उचलताना सहज विचारावं तसं विचारलं, की माझं माहेर कोणतं? अप्पांनी बरोबर सांगितलं, पण एरवी ते सांगून झाल्यावर माहेरच्या माणसांबद्दल जे बोलायचे ते बोलले नाहीत. त्या रात्री दानम्मा शिवगंगेजवळ जाऊन झोपल्या. म्हणाल्या, "पोरी, माणूस तोच हाय, पण आत कुणी दुसरंच बसलंय."

शिवगंगेनं आईच्या अंगावर पांघरूण ओढलं. बापाच्या कपाळावरचा तो पांढरा पट्टा तिला बघवत नव्हता.

चंद्रभागाबाईचं दूध आठ दिवस सव्वीसवर होतं. अप्पा पुटपुटायचे आणि नळकांडं धुवायचे. नवव्या दिवशी म्हातारी रांग सोडून त्यांच्यापाशी आली आणि म्हणाली, "अप्पा, माझ्यावर रागावला कावून? गाय उपाशी हाय म्हणत न्हाई आता." अप्पांच्या लक्षात आलं की बोलणं थांबलं तसा कडबाही थांबला होता. दोन्ही एकाच ठिकाणाहून निघत होते की काय कुणास ठाऊक. त्यांना कसंतरीच झालं, आणि तेही त्यांनी आवरलं.

बघायचा कार्यक्रम बुधवारी दुपारी चारला ठरला. आणि त्याच बुधवारी सकाळी दहाला अंबाजोगाईत शेवटची तपासणी होती; चौदा पानांवर सह्या केल्या होत्या, चुकवता येत नव्हती. अप्पा एकटेच गेले. बाण आले, टूं वाजले, अप्पांनी हात रोखला. बाई फार खूश झाल्या. काका, तुमच्यात सगळ्यात जास्त फरक पडलाय, म्हणाल्या, आणि कपाटातून पाकीट काढून त्यांच्यासमोर फोडलं. कागद वाचला. परत वाचला. मग त्या खुर्चीत मागं टेकल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला खोटा करंट होता."

पहिली तीस सेकंद मुंग्या येण्यापुरता सोडतात आणि मग आपोआप बंद होतो, त्यांनी सांगितलं. उरलेली साडेएकोणीस मिनिटं अप्पा नुसते ओला स्पंज बांधून बसले होते. पाचही दिवस.

इतके दिवस ज्या भिंतीला टेकून ते उभे होते ती भिंत बांधलेलीच नव्हती. ते काकुळतीला आले. म्हणाले, मग आता द्या खरा, चारच्या आत द्या, वीस मिनिटांचं काम आहे, पाणी आणलंय मी. बाई म्हणाल्या की खोटा मिळालेल्यांना खरा देतातच, तसा नियम आहे, पण पुढच्या आठवड्यात, पाच दिवस, नव्या सह्या घेऊन. आणि खरं सांगायचं तर खऱ्यानं तरी किती फरक पडतो हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. ते ऐकायला अप्पा थांबले नव्हते.

परतीच्या वाटेवर त्यांची जीप एका टँकरमागं अडकली. पाऊण तास ते टँकरच्या मागच्या नळातून गळणारं पाणी बघत होते. डोक्यात कसलाच करंट नाही, जीभ मोकळी, आणि चार वाजत आलेले. शिवगंगेचा तो शांत आवाज त्यांना सारखा ऐकू येत होता. अजून एकदाच. आणि त्या गळक्या नळाकडं बघता बघता त्यांना उपाय सुचला.

पाहुणे वेळेवर आले. मुलाचे वडील मोहनराव, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले कल्याणराव, आणि मुलगा उत्तरेश्वर, उन्हानं रापलेला, खाली मान घालून बसलेला. अप्पांनी सगळ्यांना नमस्कार केला, तांब्यातून पेलाभर पाणी घेतलं, मोठा घोट भरला आणि गिळलाच नाही. गाल फुगवून कोपऱ्यात बसून राहिले. तोंडात पाणी असलं की माणसाला बोलता येत नाही. याला बॅटरी लागत नाही, सह्या लागत नाहीत.

कल्याणरावांना अंदाज आला असावा, कारण ते लगेच रंगात आले. घराणं कसं, शेती कशी, हे सगळं सांगून झालं. मग मोहनराव म्हणाले, "पोरगं शिरूरच्या कारखान्यात परमनंट हाय. आपल्याला काळजी न्हाई."

कुठला कारखाना ते अप्पांना आत्ता कळलं आणि त्यांचे गाल आणखी फुगले. संस्थेच्या दुधाची गाडी रोज त्याच कारखान्यावरून जायची आणि गाडीवाला रोज सांगायचा. ऊसच नाही, दोन हंगाम कारखान्याची चिमणी थंड आहे, गेटवरच्या केबिनमध्ये शेळ्या बसतात. बंद कारखान्यात परमनंट म्हणजे काय परमनंट? वाक्य पोटातून उठलं, छातीशी आलं, नरड्याशी आलं आणि पाण्याला येऊन धडकलं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. कानशिलं तापली. प्रयोगाच्या वेळी खुर्ची धरली होती तसा त्यांनी मांडीखालचा सतरंजीचा काठ मुठीत धरला. नाही बोलायचं. तिचं लग्न आहे.

तेवढ्यात शिवगंगा पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. सगळ्यांना बशा दिल्या. बापासमोर आली आणि थांबली. तिनं ते फुगलेले गाल बघितले, लाल झालेले डोळे बघितले. मग, ज्यांचं 'परमनंट' आतपर्यंत ऐकू आलं होतं, त्या मोहनरावांकडं बघितलं. मग ती जाऊन पाटावर बसली.

काही विचारायचं असलं तर विचार, कल्याणराव मोठेपणानं म्हणाले. असं म्हणायची रीत असते. विचारायची नसते.

शिवगंगेनं सरळ उत्तरेश्वराकडं बघून विचारलं, "तुमचा कारखाना चालू हाय का?"

अप्पांच्या तोंडातलं पाणी सुटलं. नेम असा काही नव्हता, पण समोर कल्याणराव होते. पांढरा सदरा छातीपासून खाली भिजला. दुष्काळात एवढं पाणी त्या सदऱ्यानं कित्येक दिवसांत बघितलं नसेल. कुणी हसलं नाही. सगळे उत्तरेश्वराकडं बघत होते.

त्यानं मान वर केली. "बंद हाय," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी टँकर चालवतो. शिरूरकडची सात गावं हायत माझ्याकडं." मग बापाकडं बघून म्हणाला, "मी गाडीत सांगतच होतो, सांगून टाकू म्हणून."

मोहनराव उठले. कल्याणराव सदरा झटकत अप्पांवर घसरले, की हे तुम्हीच पोरीला पढवलंय, सगळं घरच एका जिभेचं आहे, यापुढं तुमच्या दारात मी स्थळ तर सोडाच, कुत्रंसुद्धा आणणार नाही. दानम्मांनी अप्पांना मागून जोरात चिमटा काढला. आयुष्यात पहिल्यांदा अप्पा निर्दोष होते आणि ते कुणाला पटणार नव्हतं.

"त्यांनी मला काही सांगितलं न्हाई," शिवगंगा म्हणाली. मग ती बापाकडं वळली. "अप्पा, तुमाला ठाऊक होतं?"

अप्पांच्या तोंडात आता पाणी नव्हतं, डोक्यात करंट नव्हता. तरीही वेळ लागला. "होतं," ते म्हणाले.

"मग बोलला कावून न्हाईत?"

"भ्यालो," अप्पा म्हणाले. "तुझं मोडंल म्हणून भ्यालो. तू म्हणली होतीस, गप्प बसा."

शिवगंगेचे डोळे भरून आले. "लाडवाचं गप्प बसा म्हणलं होतं मी, अप्पा," ती म्हणाली. "हे न्हवं. बाकी कुणी काहीबी सांगू दे, खोटं असलं तर माझा बाप बोलंल, ह्या भरवशावर मी ताट घेऊन बाहेर येते."

पाहुणे गेले. जाताना उत्तरेश्वर चप्पल घालायला वाकला, आणि सरळ झाला तेव्हा शिवगंगेकडं एकदा बघून गेला. पोहे तसेच राहिले. अप्पा संध्याकाळी गोठ्यातून दोन पेंढ्या कडबा काढून चंद्रभागाबाईच्या दारात टाकून आले आणि येताना रडले.

आठ दिवसांनी हिंगणवाडीच्या पारापाशी नेहमीचा टँकर आला, पण चालक नवा होता. शिरूरकडची पाळी एका मित्राला देऊन तो मुद्दाम इकडची खेप घेऊन आला होता. नळी विहिरीत सोडून तो अप्पांच्या ओट्याशी आला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला की वडिलांचा राग जायला वेळ लागेल, पण माझा होकार आहे, पोरीचं काय मत आहे ते विचारायला आलोय. दानम्मांनी त्याला पाणी दिलं. शिवगंगा आतून बाहेर आली आणि दोघं पाराशी टँकरच्या सावलीत तासभर बोलत उभी राहिली. गावातल्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या, त्यामुळं या बोलण्याला साक्षीदार भरपूर होते. दिवाळीनंतरची तारीख धरली. मोहनराव महिन्यानं आले, कल्याणराव आलेच नाहीत. पण नात्यानं आता ते सोयरे झाले ते झालेच.

मधल्या काळात डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. काका, खरा करंट घ्यायला कधी येताय? अप्पांनी फोनवर हात ठेवला आणि शिवगंगेला विचारलं. ती वह्या तपासत होती. तिनं वर बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर अप्पांना स्पष्ट भीती दिसली, आजवर फक्त स्वतःच्या चेहऱ्यावर आरशात दिसायची तसली.

"नका घेऊ, अप्पा," ती म्हणाली. "लागू पडला तर काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रांग लागली. तिसऱ्या नंबरला कल्याणरावांचा कॅन होता आणि कॅनमागं स्वतः कल्याणराव, नवा सदरा घालून. अप्पांनी दूध ओतलं. लॅक्टोमीटर डुचमळला आणि थांबला. अप्पांनी आकडा बघितला, कल्याणरावांकडं बघितलं, रांगेकडं बघितलं. घाम आला. या वेळी घाम आधी आला होता, शब्द अजून आतच होता. गिळायचा म्हटलं तर गिळता येत होता.

"एकवीस," मन्मथअप्पांनी मोठ्यानं पुकारलं. "सोयरे, पाणी हाय."

रांगेत मागून चंद्रभागाबाई शेजारणीला म्हणाली, "आला गं आवाज," आणि तिनं तिची किटली पुढं सरकवली.